साडेअकरा पुढे, सव्वाआठ मागे

इलेक्ट्रॉनिक्सला होतात? मग ५५५ तुम्ही आयुष्यात एकदा तरी ब्रेडबोर्डवर लावलाच असणार. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल, एलईडी लुकलुकला, सरांनी जर्नलवर सही केली, विषय संपला. मग कॅम्पसला आयटी कंपनी आली आणि मेकॅनिकलवाले, सिव्हिलवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले असे आपण सगळे एकाच बसमधून हिंजवडीला जायला लागलो. माझंही तेच झालं. गेली सहा वर्षं जावा लिहितोय. सोल्डर गन शेवटची कधी हातात धरली होती ते आठवावं लागतं.

त्यामुळे हा अख्खा वीकांत त्या आठ पायांच्या काळ्या किड्यापायी जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण चाळीसगावहून मामेभावाचा फोन आला. घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात (उंची पाच फूट अकरा). डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून छोटा इन्व्हर्टर करतोय. सबमिशन दहा दिवसांवर.

"दादा, एक ट्रान्झिस्टर पेटतोय रे."

पेटतोय म्हणजे ज्वाळा नव्हत्या, पण बंद करून बोट लावलं तरी चटका बसत होता. त्याच्या शेजारचा, त्याच नंबरचा, त्याच आकाराच्या हीटसिंकवरचा दुसरा मात्र जेमतेम कोमट. कॉलेजात सांगितलं गेलं, डुप्लिकेट माल असेल, बदलून टाक. त्याने तीन बदलले. तिन्ही पेटले. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी तयार प्रोजेक्ट विकत आणलेत, आणि बारक्याच्याही मनात ते येऊन गेलं होतं. मामांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग डिग्रीपण तिथूनच आण ना, एकदम स्वस्तात देतील." मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे होतं म्हणा. आता तिथे मुख्यतः सेट-टॉप बॉक्सचे रिमोट आणि मोबाइलची कव्हरं खपतात. पण माणूस ३० वर्षं त्याच टेबलावर बसलाय, त्याच्यासमोर तयार प्रोजेक्ट घरात आणणं शक्यच नव्हतं.

सर्किट अगदी पुस्तकी होतं. बारा व्होल्टची बॅटरी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर उलटा लावलेला, मधली तार बॅटरीच्या प्लसला, आणि दोन टोकांना एकेक टीआयपी १२२. एक ट्रान्झिस्टर चालू असताना करंट ट्रान्सफॉर्मरच्या एका अर्ध्यातून जातो, दुसरा चालू असताना दुसऱ्या अर्ध्यातून, उलट दिशेने. सेकंदाला ५० वेळा ही अदलाबदल केली की पलीकडच्या बाजूला घरातल्यासारखी वीज. अदलाबदलीचा हुकूम द्यायला ५५५. त्याचा आउटपुट एका ट्रान्झिस्टरला सरळ, आणि एका बीसी ५४७ मधून उलटा करून दुसऱ्याला.

मी त्याला रेझिस्टर विचारले. वरचा ४७ के, खालचा १२० के, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड. कागद घेतला. ५५५ चं गणित ज्यांच्या डोक्यातून उडालंय त्यांच्यासाठी: आउटपुट वर असण्याचा वेळ ०.६९३ गुणिले दोन्ही रेझिस्टरांची बेरीज गुणिले कपॅसिटर. खाली असण्याचा वेळ ०.६९३ गुणिले फक्त खालचा रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. आकडे घातले तर वर ११.६ मिलिसेकंद, खाली ८.३. बेरीज २० च्या जवळ, म्हणजे ५० हर्ट्झ बरोबर आले. पुस्तकवाला खूश. पण ड्यूटी सायकल ५८ टक्के!

एलईडी लुकलुकवायचा असेल तर ५८ काय नि ६८ काय, कोणाला फरक पडतो. ट्रान्सफॉर्मरला पडतो. लोखंडाच्या गाभ्यातलं चुंबकत्व किती सरकतं ते व्होल्टेज किती वेळ लावलं त्यावर ठरतं. बारा व्होल्ट साडेअकरा मिलिसेकंद पुढे, मग तेच बारा व्होल्ट सव्वाआठ मिलिसेकंद मागे. एखाद्याने साडेअकरा पावलं पुढे जायचं आणि सव्वाआठ मागे यायचं, सेकंदाला ५० वेळा. भिंतीला टेकायला किती वेळ लागणार? गाभ्याची ती भिंत म्हणजे सॅच्युरेशन. तिथे पोचला की गाभा हात वर करतो, आणि कॉइल म्हणजे नुसती तांब्याची तार उरते. मग करंट ज्या ट्रान्झिस्टरच्या पाळीत भिंत येते त्याच्यातून उसळतो. तो पेटतो. शेजारचा आपला गार. डुप्लिकेट-बिप्लिकेट काही नाही.

आता प्रश्न असा की ५८ चे ५० कसे करायचे.

इथे मला ५५५ बद्दल एक गोष्ट नव्याने कळली, म्हणजे पूर्वी परीक्षेसाठी पाठ होती ती आता कळली. हान्स कामेनझिंड नावाच्या माणसाने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी कंत्राटावर ही चिप आखली, आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. पहिल्या आराखड्यात तिला नऊ पाय लागत होते. आत करंट सोर्स ठेवण्याऐवजी बाहेरच्या साध्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरायचं ठरलं तेव्हा कुठे ती आठ पायांत बसली. आतमध्ये पाच किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर एकाखाली एक आहेत (त्यावरून ५५५ हे नाव पडलं ही दंतकथा, खुद्द कामेनझिंडनी ती नाकारली होती). ते तीन रेझिस्टर सप्लायचे तीन सारखे भाग करतात. कपॅसिटर एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत भरतो, मग उलटा रिकामा होतो.

आता गंमत बघा. भरताना वरपर्यंतचं अंतर दोन तृतीयांशाचं एक तृतीयांश होतं, म्हणजे निम्मं. रिकामा होताना खालपर्यंतचं अंतरही दोन तृतीयांशाचं एक तृतीयांश. तेही निम्मं! दोन्हीकडे तोच ०.६९३, म्हणजे दोनाचा लॉगॅरिदम. सप्लाय किती आहे याचाही संबंध नाही. चिप एकदम समतोल आहे. वाकडा आहे तो रस्ता: भरताना दोन्ही रेझिस्टरांतून जावं लागतं, रिकामं होताना एकातूनच. वरचा रेझिस्टर शून्य करावा म्हटलं तर सातवा पाय आतून जमिनीला जोडला जातो तेव्हा सप्लायच शॉर्ट होतो. म्हणून या सर्किटात ५० टक्के कधीच येत नाहीत. ५० च्या जवळ जाता येतं, वरूनच.

मग जवळ जायचं. त्याच रात्री बारक्याला सांगितलं, वरचा १ के लाव आणि खालचा १५० के. ड्यूटी ५०.१७ टक्के. मोजायचं कसं? त्याच्याकडे स्कोप नाही. पण मामांचं साधं मल्टिमीटर आहे, आणि डीसीवर ठेवलेलं मीटर अशा चौकोनी लहरीची सरासरी दाखवतं. आउटपुट वर असताना जेवढे व्होल्ट, त्याने सरासरीला भागलं की झाली ड्यूटी. (ही युक्ती मला कॉलेजात कोणी का नाही सांगितली!) आधी सरासरी साडेसहाच्या वर होती, आता साडेपाच-पावणेसहाच्या आसपास आली. बदल केल्यावर झिरोचा बल्ब लावून पंधरा मिनिटं चालवलं, बंद केलं, बोट लावलं. दोन्ही कोमट.

खरं तर इथेच थांबता आलं असतं. रात्रीचा एक वाजला होता, मला झोप येत होती. पण पोरगं म्हणालं, "म्हणजे दादा, चूक अजून आहेच, फक्त बारीक केली. एक्स्टर्नलने विचारलं पूर्ण पन्नास का नाही, तर?"

बरोबर होतं त्याचं. कोड रिव्ह्यूमध्ये मी हेच तर बोलतो लोकांना.

शनिवार उपायांच्या फेऱ्यात गेला. पहिला, जो सगळेजण सुचवतात: खालच्या रेझिस्टरला समांतर एक डायोड. भरताना करंट डायोडमधून पळवाट काढतो, रिकामा होताना रेझिस्टरमधून. दोन्ही रेझिस्टर सारखे, म्हणजे ५० टक्के. कागदावर. प्रत्यक्षात डायोड स्वतःचे ०.६ व्होल्ट खातो, त्यामुळे भरायला जास्त वेळ लागतो. गणित केलं तर साडेबारा व्होल्टवर ५२.७ टक्के. आणि सप्लाय ५ व्होल्ट असेल तर ५७ च्या वर, कारण पाचातले ०.६ म्हणजे बरेच. म्हणजे कामेनझिंडनी सप्लायचा संबंध तोडला होता, तो आपण एका रुपयाच्या डायोडने पुन्हा जोडला. रिकामं होण्याच्या वाटेतही एक डायोड घातला तर दोन्ही बाजू सारख्या लुळ्या होतात आणि हिशोब जुळतो. पण मग रेझिस्टरांचा पाच टक्के फरक आडवा येतो, प्रीसेट लावा, स्क्रूड्रायव्हरने फिरवत बसा.

दुसरा उपाय दिसायला सगळ्यात देखणा. सातवा पाय सोडूनच द्यायचा. तिसऱ्या पायापासून, म्हणजे आउटपुटपासून, एकच रेझिस्टर कपॅसिटरला. आउटपुट वर असताना त्याच रेझिस्टरमधून भरणार, खाली असताना त्याच्यातूनच रिकामा होणार. जाता-येता एकच रस्ता! मला हे इतकं आवडलं की मी लगेच बारक्याला लावायला सांगितलं. त्याने आधी ५ व्होल्टवर, मोबाइलच्या चार्जरवर लावून बघितलं. आकडा आला ७० च्या आसपास.

कारण जुन्या बायपोलर ५५५ चा आउटपुट वर जातो म्हणजे सप्लायपर्यंत जात नाही. सव्वा-दीड व्होल्ट आधीच थांबतो. ५ व्होल्टवर तो ३.७ च्या आसपास, आणि कपॅसिटरला चढायचंय ३.३३ पर्यंत. शेवटची चढण इतकी सपाट होते की कपॅसिटर रांगत रांगत पोचतो. उतरताना मात्र आउटपुट जवळजवळ शून्यावर, घसरगुंडी. १२ व्होल्टवर हाच प्रकार ५६-५७ टक्क्यांवर येतो. सीमॉस जातीचा ५५५ (७५५५, टीएलसी ५५५ वगैरे) घेतला तर आउटपुट दोन्ही टोकांना नीट टेकतो आणि हे सर्किट खरोखर पन्नासच्या जवळ येतं. पण मामांच्या दुकानात तो नव्हता. आणि असता तरी त्याच पायावर पुढचा ट्रान्झिस्टर ओढणार. ज्या पायाने वेळ मोजायचा त्यालाच हमाली लावायची, हे मला पटलं नाही.

तिसरा उपाय एलएम ५५५ च्या डेटाशीटमध्येच छापलाय, '५० टक्के ड्यूटी सायकल' अशा मथळ्याखाली. वरचा ५१ के, खालचा २२ के, आणि कपॅसिटर दोघांच्या मधल्या जोडावर. मी त्यांचेच आकडे त्यांच्याच सूत्रात घातले तर ४८.६ आले. शिवाय तळटीप आहे: खालचा रेझिस्टर वरच्याच्या निम्म्यापेक्षा मोठा झाला तर सर्किट चालतच नाही, कारण कपॅसिटर एक तृतीयांशाच्या खाली उतरूच शकत नाही. ५१ चं निम्मं साडेपंचवीस, आपण बावीसवर. कड्याच्या टोकावर खुर्ची टाकून बसल्यासारखं. नको.

मग रविवारी सकाळी चहा पिताना माझ्या सॉफ्टवेअरवाल्या डोक्यात तो प्रकाश पडला, जो हार्डवेअरवाल्यांना पन्नास वर्षांपूर्वीच पडलेला आहे. आपण दोन अर्धे मोजतोय आणि ते सारखे करायला धडपडतोय. दोन वेगळ्या गोष्टी सारख्या करायच्याच कशाला? एकच गोष्ट दोनदा मोजू. ५५५ ला दुप्पट वेगाने, १०० हर्ट्झवर पळवायचं, आणि त्याच्या प्रत्येक चढत्या कडेला एक स्विच उलटवायचा. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. मग 'चालू' म्हणजे ५५५ चं एक अख्खं आवर्तन आणि 'बंद' म्हणजे त्याचंच पुढचं अख्खं आवर्तन. आवर्तनाच्या आत किती वर नि किती खाली, याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही.

याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात आणि सीडी ४०१३ मध्ये असे दोन मिळतात. वीसेक रुपयांची चिप. दुसरा पाय (क्यू-बार) पाचव्याला (डी) जोडायचा, तिसऱ्या पायाला ५५५ चा आउटपुट, चार आणि सहा जमिनीला, सात जमिनीला, चौदाव्याला सप्लाय. उरलेल्या अर्ध्याचे आठ ते अकरा हे पायही जमिनीला, नाहीतर सीमॉसचे मोकळे पाय वारा प्यायल्यासारखे करतात. आणि बोनस असा की पहिल्या पायावर क्यू आणि दुसऱ्यावर त्याचं बरोबर उलट, म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांना दोन तयार हुकूम. तो मधला बीसी ५४७ घरी.

बारक्या म्हणाला, ४०१३ कुठून आणू, रविवार आहे. जळगावलाही दुकानं बंद. मी पुण्याहून तपकीर गल्लीतून घेऊन एसटीने पाठवतो म्हणालो. तेवढ्यात व्हिडिओत मागून मामा दिसले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात फोमवर टोचून ठेवलेल्या जुन्या आयसी. चष्मा कपाळावर, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक धरून नंबर वाचत होते. "चाळीस-सतरा... चाळीस-सतरा... हा घे, चाळीस-तेरा. कशातून काढलेला देव जाणे."

बारक्याने खालचा १२० के काढून ४७ के लावला, आणि वरचा जुना ४७ के परत आणला. दोन्ही सारखे, म्हणजे १०२ हर्ट्झ. मी मुद्दाम सांगितलं, आता ५५५ ची स्वतःची ड्यूटी काढ. ६६.७ टक्के! आधीपेक्षा वाईट. "आणि आता फ्लिप-फ्लॉपचे दोन्ही पाय मोज." बॅटरी १२.६ वर होती. ट्रान्झिस्टरच्या तारा सोडून मोजलं. पहिला पाय ६.३. दुसरा पाय ६.३.

फोनवर एक मिनिट कोणीच बोललं नाही. मग बारक्याने मुद्दाम वरचा रेझिस्टर बदलून १०० के लावला. वेग पडला, पण दोन्ही पाय ६.३ च. मग दहा के. ६.३. पोरगं खेळायलाच लागलं.

तेव्हा मामा टेबलाशी येऊन बसले. ते काय विचार करत होते ते मला नंतर कळलं. २००६-०७ च्या लोडशेडिंगमध्ये मामांनी दुकानासाठी असाच घरगुती इन्व्हर्टर केला होता. मी तेव्हा लहान, सुट्टीत गेलो की अंधारात फक्त मामांच्याच दुकानात ट्यूब दिसायची आणि मला फार अभिमान वाटायचा. त्या इन्व्हर्टरचा डावीकडचा ट्रान्झिस्टर दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. नेहमी डावीकडचाच. मामा जोडीने आणून ठेवायचे. ज्या दुकानदाराकडून आणायचे त्याच्याशी त्यावरून भांडण झालं, तू मला टाकाऊ माल देतोस म्हणून. वीस वर्षांची ओळख तुटली.

"त्याच्यातपण ५५५ च होता," मामा म्हणाले. "पुस्तकातलाच. म्हणजे माल बरोबर होता तर."

मी म्हटलं, मामा, तुमच्याकडे स्कोप नव्हता, कळणार कसं.

"मीटर होतं की," ते म्हणाले. "हेच मीटर." मग उठून चहा करायला सांगायला आत गेले.

यावर मी काय बोलणार? असो.

थोडं खरं-खोटंही सांगून टाकतो, नाहीतर कोणी तज्ज्ञ मला धरेल. लहर पन्नास-पन्नास झाली म्हणून ट्रान्सफॉर्मरला मिळणारं सगळं बरोबर पन्नास-पन्नास होत नाही. दोन ट्रान्झिस्टर चालू असताना थोडे वेगवेगळे व्होल्ट खातात, आणि बंद होतानाही प्रत्येकजण आपापला वेळ घेतो. पण ते काही मायक्रोसेकंद, आणि आपली एकेक पाळी दहा हजार मायक्रोसेकंदांची. गाभ्याला एवढं चालतं. मोठ्या इन्व्हर्टरमध्ये दोघांच्या मध्ये क्षणभर दोन्ही बंद ठेवतात, ते इथे नाही. म्हणून झिरोचा बल्ब आणि मोबाइलचा चार्जर, याच्यापलीकडे काही लावू नकोस असं बारक्याला दोनदा बजावलंय. पलीकडच्या तारांत खरेच २०० च्या वर व्होल्ट असतात. बोट लावून बघणं फक्त बॅटरी काढल्यावर.

आणि हो, तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न बारक्याच्या एक्स्टर्नलच्याही ओठांवर येणार: अर्डुइनो का नाही? दोन ओळींत काम झालं असतं. झालं असतंच. पण त्या दोन ओळींत आपण काय लिहिलं असतं? पिन उलटी कर, दहा मिलिसेकंद थांब, पुन्हा तेच. म्हणजे फ्लिप-फ्लॉपच. बारक्याला मी हे उत्तर दिलेलं नाही, त्याला स्वतःला सापडू दे. रिपोर्टमध्ये मात्र तो सगळे चार उपाय आणि त्यांचे मोजलेले आकडे घालतोय, न जमलेलेसुद्धा. ते डेटाशीटवालं ४८.६ त्याला स्वतः लावून बघायचंय, ५१ के मिळत नाहीये म्हणून ४७ आणि ३.९ एकापुढे एक जोडतोय.

मामांनी काल रात्री फोन केला होता. बारक्याबद्दल काही नाही. एवढंच विचारत होते, पुण्याला तपकीर गल्लीत जाशील तेव्हा सीडी ४०१३ चे दहा घेऊन ठेवशील का.